अर्डिसनं टाकलेला शब्द

आमच्या स्कोगलुंड गावात कुणाचं काही अडलं की माणसं आधी अर्डिस तोरवालकडे जात आणि मग देवाकडे. देव वेळ लावतो. अर्डिस त्याच दिवशी उठून कामाला लागायची.

आमच्याकडची माणसं मुळात मितभाषी. घरात पुराचं पाणी शिरलं तरी 'जरा ओल आहे' एवढंच म्हणतील. स्वतःसाठी काही मागायचं म्हणजे तर जीव जातो. त्यामुळे दुसऱ्यासाठी बेधडक मागणारं एक माणूस गावात असावंच लागतं, आणि आमच्याकडे ते अर्डिस होती. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं उभा जन्म काढला. दूध डेअरीचा व्यवस्थापक, शेरीफ, पाद्रीबाबा, सगळे तिच्या हातचं खाऊन मोठे झालेले. तिच्यासमोर उभे राहिले की त्यांच्या हातात अजून जेवणाचा ट्रे आहे असं वाटायचं. कुणाच्या मुलाला डेअरीत चिकटवायचं असो की कुणाच्या म्हातारीला वृद्धाश्रमात खिडकीजवळची खाट हवी असो, अर्डिस म्हणायची, "थांब, मी दोन शब्द टाकते." लोक याला वशिला म्हणतात. ती त्याला शेजारधर्म म्हणायची.

मी मर्ना. गावच्या पोस्टाच्या खिडकीवर बसायचे. कोण कुणाला काय पाठवतं ते मला दिसायचं आणि त्याबद्दल तोंड उघडायची मला परवानगी नव्हती. माझ्यासारख्या बाईला ही किती मोठी शिक्षा आहे, ते माझ्या नवऱ्याला विचारा.

अर्डिसची जिवाभावाची मैत्रीण म्हणजे शेजारची लव्हॉन ब्रेक्के. विधवा, नजरेनं अधू, एकुलता एक मुलगा कर्टिस. धान्याच्या गोदामाला आग लागली आणि आतला म्हातारा राखणदार एल्मर त्यात गेला, त्याच्या आदल्याच आठवड्यात कर्टिसला तिथल्या कामावरून काढलं होतं. पोलिसांनी त्याला सकाळी नेलं. 'मला वकील पाहिजे' असं तो म्हणाला. त्यांनी ते कानाआड केलं आणि दिवसभर विचारत राहिले. संध्याकाळी तो म्हणाला, "हो, मीच." पुढे तो सांगायचा की सुटका व्हावी म्हणून म्हणालो. पण त्या 'हो'वर त्याला बारा वर्षांची शिक्षा झाली.

कर्टिसनं आग लावली की नाही, मला माहीत नाही. एल्मरची बायकोही माझ्याच खिडकीवर तिकिटं घ्यायला यायची. तिच्याकडे बघून मला एक वाटायचं, लव्हॉनकडे बघून दुसरं.

अपिलाच्या कोर्टानं शिक्षा कायम केली. राहिलं राज्याचं सर्वात वरचं कोर्ट. सात न्यायाधीश. प्रश्न एवढाच होता की वकील मागितल्यानंतर काढून घेतलेला कबुलीजबाब चालतो का. चालत नसेल तर खटला पहिल्यापासून. लव्हॉनचा वकील फेल्डमन, पोरसवदा पण हुशार, त्यानं बोटांवर मोजून सांगितलं, "तीन जण आपल्या बाजूचे वाटतात, तीन पलीकडचे. सातव्या मार्गिट ओसन. त्यांनी अशाच एका प्रकरणात पूर्वी आरोपीच्या बाजूनं लिहिलंय. मला आशा आहे."

मार्गिट ओसन आमच्याच गावची. तिची आई इथल्या वृद्धाश्रमात होती. लव्हॉननं हे सगळं अर्डिसला सांगितलं आणि अर्डिसचा चेहरा उजळला. मार्गिट! चर्चच्या रविवारच्या शाळेत अर्डिसनं तिला शिकवलेलं. शाळेत तिला वाटाणे आवडत नाहीत म्हणून अर्डिस तिच्या ताटात वाटाणे वाढायची नाही. सात जणांत एक आपली, आणि तीच नेमकी काट्यावरची.

ऑक्टोबरात चर्चच्या तळघरात मासळीचं जेवण असतं. खारात मुरवलेला तो थुलथुलीत मासा कुणालाच आवडत नाही आणि तरी सगळं गाव रांग लावतं. मार्गिट दरवर्षी आईला घेऊन यायची, त्या वर्षीही आली. अर्डिस वाढपाच्या ओट्यामागे लेफ्सा बांधून देत होती. लेफ्सा म्हणजे आमची बटाट्याची मऊ पोळी, आणि अर्डिसची लेफ्सा म्हणजे काय सांगू, लोणी लावल्याबरोबर ती हातातच विरघळायला लागायची. मी शेजारी बश्या पुसत होते, म्हणून सगळं माझ्या कानांवर आलं.

"मार्गिट, हे घे," अर्डिस म्हणाली. "आईला दोन दे, बाकीच्या तुझ्या."

"अर्डिसबाई, तुमचा हात अजून तसाच आहे हो."

"हात म्हातारा झालाय. बरं ऐक, लव्हॉनचा कर्टिस चांगला पोरगा आहे हं. माझ्या दारातला बर्फ न सांगता काढायचा. मी आपलं कानावर घालून ठेवते."

मार्गिटचं हसू जागच्या जागी थिजलं. "बाई, यावर मला बोलता येणार नाही."

"तू कुठं बोलतेस? मी बोलतेय!"

आजूबाजूचे हसले. मार्गिट हसली नाही. तिनं लेफ्साचं पुडकं ओट्यावर ठेवलं, आईला कोट चढवला आणि जेवण अर्धवट टाकून निघून गेली. अर्डिसनं पुडकं उचलून पाहिलं. "विसरली बघ. लहानपणी डबा विसरायची तशीच."

आमच्याकडे एक रीत आहे. जेवून निघालेल्या माणसाला रिकाम्या हातानं जाऊ देत नाहीत. देणाऱ्यानं तीनदा म्हणायचं, घेणाऱ्यानं दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा घ्यायचं. कुणी खरंच नको म्हणतं, ही गोष्ट आमच्या डोक्यात शिरतच नाही. सोमवारी सकाळी अर्डिस ताज्या लेफ्साचं खोकं घेऊन माझ्या खिडकीवर हजर.

"कुठं पाठवायचंय?"

"मार्गिटला. कोर्टाच्या पत्त्यावर. घरचा मला ठाऊक नाही."

"अगं बाई, डोकं ठिकाणावर आहे का? लव्हॉनचं प्रकरण तिच्यापुढं असताना तू तिला खाऊ पाठवतेस?"

"खाऊ कसला? विसरलेली वस्तू आहे. आणि आत चार ओळींचं कार्ड टाकलंय, 'कर्टिसलाही या फार आवडायच्या' म्हणून. एवढ्यानं काय आभाळ कोसळतं?"

"ते कार्ड तरी काढ."

"मर्ना, तू तिकिटं चिकटव," असं म्हणून ती हसली. खिडकीवर आलेलं पार्सल मला नाकारता येत नाही. मी ते तोलून पुढं पाठवलं.

काही दिवसांनी तेच खोकं परत आलं. वर कोर्टाचा शिक्का आणि आत छापील चिठ्ठी, कोर्टात भेटवस्तू स्वीकारल्या जात नाहीत. लेफ्सावर हिरवी बुरशी चढली होती. अर्डिसला राग आला तो कारकुनांचा. "मार्गिटपर्यंत पोचूच दिलं नाही मेल्यांनी," ती म्हणाली.

पोचलं होतं. पुढच्याच आठवड्यात वर्तमानपत्रात आतल्या पानावर इवलीशी बातमी आली, की ब्रेक्के प्रकरणात न्यायमूर्ती ओसन बसणार नाहीत. कारण दिलेलं नव्हतं. अर्डिस ते पान हातात घेऊन खिडकीवर आली. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती, तिला त्याचं भान नव्हतं.

"मर्ना, बसणार नाही म्हणजे काय?"

"म्हणजे बाजूला झाली. आता सहाच जण ठरवणार."

"सहाच?"

मी मागच्या गिऱ्हाइकाची तिकिटं काढायला घेतली. हिशोब तिलाही येत होता.

तरी माणूस आशा सोडत नाही. सहांतला एखादा इकडे वळेल, असं अर्डिस हिवाळाभर घोकत राहिली. लव्हॉनला ती काही बोलली नाही. लव्हॉनला वाटलं, मार्गिट गावची म्हणून बाजूला झाली असेल. काही राज्यांत अशा वेळी दुसऱ्या कोर्टातला एखादा न्यायाधीश उसना आणून बसवतात. आमच्याकडे तेव्हा ती पद्धत नव्हती.

निकाल वसंतात लागला. फेल्डमन स्वतः गाडी चालवत सांगायला आला, हे त्याचं मोठेपण. लव्हॉनच्या स्वयंपाकघरात आम्ही तिघी होतो. अर्डिस कॉफी ओतत होती. त्यानं कागद वाचला. एकच वाक्य होतं. कोर्ट समसमान विभागलं गेल्यामुळे खालचा निकाल कायम राहतो. खाली सही नाही, कारण नाही, कोण कुठल्या बाजूला होतं तेही नाही.

"म्हणजे हरलो?" लव्हॉननं विचारलं.

"तीन विरुद्ध तीन झालं. बरोबरी झाली की खालच्या कोर्टानं दिलेलं तसंच राहतं. जणू वरच्या कोर्टानं हात लावलाच नाही."

"पण तीन जण म्हणाले ना, माझ्या पोरावर अन्याय झालाय?"

"हो."

"मग निम्मा तरी सोडा म्हणावं."

कुणी हसलं नाही. तीही हसली नाही. मग एकाएकी ती चिडली. लव्हॉनला मी चिडलेली त्याआधी कधी पाहिली नव्हती. "हॉकीत बरोबरी झाली तर जादा वेळ देतात! चर्चच्या समितीत नवी शेगडी घ्यायची की नाही यावर बरोबरी झाली, तर पाद्रीबाबांनी मत टाकलं. एका शेगडीसाठी! माझ्या पोरासाठी एवढ्या मोठ्या कोर्टात एकही जास्तीचं माणूस नाही?"

"सातवी खुर्ची त्यासाठीच असते, ब्रेक्केबाई," फेल्डमन हळूच म्हणाला.

"मग ती का उठली? गावची म्हणून? गावची तर ती आधीपासून होती. प्रकरण घेतलं तेव्हाही होती."

"न्यायाधीशांनी कारण सांगावं असा नियम नाही. मला खरंच माहीत नाही."

अर्डिस आमच्याकडे पाठ करून बेसिनशी उभी राहिली आणि धुतलेले कप पुन्हा धुवायला लागली. मी तिच्या पाठीकडे बघत होते. सांग, सांग आता, असं मनात म्हणत होते आणि तेवढ्याच जोरानं, नको सांगूस, असंही.

ती कपच धूत राहिली.

त्यानंतरची अर्डिस म्हणजे निराळीच बाई. तुरुंग आमच्यापासून गाडीनं दोन तासांवर. लव्हॉनला गाडी चालवता येत नव्हती. अर्डिसनं महिन्याच्या पहिल्या शनिवारी तिला न्यायचं ठरवलं आणि एकही शनिवार चुकवला नाही, बर्फाचं वादळ असलं तरी. लव्हॉनच्या घराचं छप्पर तिनं पुढं होऊन दुरुस्त करून घेतलं. आजारात रात्री तिच्या उशाशी बसली. गाव म्हणायचं, मैत्रीण असावी तर अशी. पाद्रीबाबांनी प्रवचनात तिचं नाव घेतलं, आणि मी बघत होते, नाव ऐकताच तिनं मान खाली घातली ती घातलीच. सगळ्यांना वाटलं, विनय!

सगळ्यात वाईट होते ते लव्हॉनचे आभार. गाडीतून उतरताना ती दर वेळी अर्डिसचा हात हातात घ्यायची आणि म्हणायची, "तू नसतीस तर माझं काय झालं असतं गं?"

शब्द टाकणं मात्र अर्डिसनं बंद केलं. एक बाई नातीच्या नोकरीसाठी तिच्याकडे आली तर तिनं दारातूनच सांगितलं, "माझ्या शब्दानं कुणाचं भलं होत नाही. दुसरीकडे जा." त्या बाईनं गावभर सांगितलं की अर्डिसला आता गर्व झालाय. आणि लेफ्साचं लाटणं नि तवा तिनं चर्चला देऊन टाकला.

शेवटी एका दुपारी पोस्ट बंद झाल्यावर ती माझ्या घरी आली. कोट न काढता खुर्चीत बसली. मला म्हणाली, "मर्ना, तू कुणाला सांगितलं नाहीस."

"मला सांगता येत नाही. नोकरी जाईल."

"सांगितलं असतंस तर बरं झालं असतं."

इथं माझा पारा चढला. "वा गं वा! म्हणजे तुझं ओझं मी उतरवून द्यायचं? मग मर्ना चहाडखोर म्हणून तुम्ही दोघी मिळून माझ्यावर चिडायला मोकळ्या!"

"तसं नाही गं. तिला कळलं तर ती माझ्या गाडीत बसणार नाही. मग तिला कर्टिसकडे कोण नेणार? मी तिच्यासाठीच गप्प आहे."

"निम्मी तिच्यासाठी," मी म्हणाले. "उरलेली निम्मी स्वतःसाठी. अर्डिस, तू त्या पोराचं वाईट व्हावं म्हणून काही केलं नाहीस, हे मला माहीत आहे. ते खोकं पाठवलंस तो वेडेपणा होता. पण दर महिन्याला तिच्याकडून आभार घेतेस ना, त्याला वेडेपणा म्हणत नाहीत. ती चोरी आहे."

फार कडक बोलले. तिचा चेहरा असा झाला की मला माझी जीभ चावावीशी वाटली. पण शब्द मागे घेतला नाही, कारण तो खरा होता. ती उठली आणि कॉफी न घेताच गेली. आमच्या गावात कॉफी न घेता जाणं म्हणजे काय, ते गावातल्या माणसालाच कळेल.

पुढचं मला अर्डिसनंच सांगितलं, नंतर. पुढच्या पहिल्या शनिवारी त्या दोघी निघाल्या. दोन्हीकडे बीटाची शेतं, रस्ता सरळसोट. अर्ध्या वाटेवर अर्डिसनं गाडी कडेला घेतली. लव्हॉनला वाटलं, चाक बसलं. अर्डिसनं समोरच्या काचेकडे बघत सगळं सांगितलं, ओट्यावरचं बोलणं, खोकं, कार्ड, परत आलेली लेफ्सा. काही वगळलं नाही. "मार्गिट माझ्यामुळे उठली," ती म्हणाली. "तुझं सातवं मत मी घालवलं. मला शिव्या घाल, मार, काहीही कर."

लव्हॉन दार उघडून खाली उतरली आणि रस्त्याच्या कडेला शेतांकडे तोंड करून उभी राहिली. वारा बोचरा होता. अर्डिसला वाटलं, ही आता चालतच परत जाणार. तिची हाक मारायची हिंमत होईना.

बऱ्याच वेळानं लव्हॉन परत आली, आणि तिनं मागचं दार उघडलं. मागच्या बाकावर बसली. मग बोलली.

"त्या जेवणाला मीही आले होते, अर्डिस. तुला दिसले नाही. मार्गिटची गाडी बाहेर पाहिली आणि मी कोट टांगायच्या खोलीत जाऊन उभी राहिले, ती जाईपर्यंत. फेल्डमननं सांगितलं होतं, त्यांच्यासमोरही जाऊ नका. मी कोटांमध्ये तोंड खुपसून उभी होते. मला तिचे पाय धरायचे होते गं. मी त्याची आई आहे. मला बोलायचं नव्हतं का? मी बोलले नाही. त्याच्यासाठी गप्प राहणं एवढं एकच माझ्या हातात होतं, ते मी केलं. आणि तेवढ्यात तू भिंतीपलीकडे बोलत होतीस."

अर्डिसनं मागे वळून बघायचा प्रयत्न केला.

"वळू नकोस," लव्हॉन म्हणाली. "गाडी चालव. भेटीची वेळ जाईल."

पुढच्या महिन्यात अर्डिसला वाटलं, लव्हॉन दुसऱ्या कुणाला तरी विचारेल. पण विचारायला दुसरं होतं कोण? शनिवारी सकाळी मी पोस्टाच्या खिडकीतून पाहिलं. अर्डिसची गाडी लव्हॉनच्या दारात उभी राहिली. लव्हॉन बाहेर आली, मागचं दार उघडून बसली. पुढची जागा रिकामी. अर्डिस नाकासमोर बघत गाडी चालवत गेली. गावानं तर्क लढवले, की लव्हॉनची कंबर धरली असेल, पुढची सीट मोडली असेल. मी मात्र तिकिटं फाडत राहिले.

वर्षानुवर्षं तसंच चाललं. लव्हॉननं कुणालाही, अगदी कर्टिसलाही, एक शब्द सांगितला नाही. मार्गिट त्या जेवणाला पुन्हा कधी आली नाही. आईला भेटायला यायची ती आडवारी, गावाच्या मागच्या रस्त्यानं.

एकदा न राहवून मी अर्डिसला विचारलं, "तुला ड्रायव्हर करून ठेवलंय तिनं. कसं सोसतेस?"

"सोसायचं काय त्यात?" ती म्हणाली, आणि किती दिवसांनी तिचा आवाज मला जरा मोकळा वाटला. "आता उतरताना ती आभार मानत नाही गं. दार लावते आणि निघून जाते. मला रात्री झोप लागायला लागलीय."

लव्हॉनला लागते का, ते अर्डिसनं तिला कधी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.